मांडवामागचा फोटो

कुंभार पिंपळगावात फकरोद्दीनला फकरोद्दीन म्हणणारं माणूस आता एकच उरलंय, ते म्हणजे पोस्टमन. बाकी सगळ्यांचा तो फकरू फोटोवाला. बारसं असो, लग्न असो, पोळ्याला बैल नटवलेला असो, "हलू नका, हसा" असं गावाला हक्कानं सांगणारा गेल्या पन्नास वर्षांत हा एकच माणूस. आता दुकान त्याचा मुलगा आमेर चालवतो, पण फकरू सकाळी दहाला येऊन काउंटरमागच्या खुर्चीत बसतोच. मोठा सचोटीचा माणूस. आयुष्यात एकच खोटं बोलला. लोकांना रोज नवं खोटं लागतं, ह्यानं एकच पन्नास वर्षं पुरवून पुरवून वापरलं.

त्या खोट्याचा हिशेब मागायला गुरुवारी सकाळी आकांक्षा दुकानात आली. आकांक्षा म्हणजे बद्रीनाथची नात, पुण्याला नोकरीला असते. आणि बद्रीनाथ म्हणजे फकरूचा शाळेतल्या एका बाकावरचा जिगरी दोस्त, गावाबाहेर त्याची मोसंबीची बाग आहे.

"फकरूबाबा, रविवारी आजी-आजोबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होऊन राह्यलेत," ती म्हणाली. "तुम्ही आणि दादी सकाळीच यायचं. आणि एक काम आहे. आजीनं कविता केलीय."

फकरूला नवल वाटलं नाही. नंदाबाईंनी तीस वर्षं अंगणवाडी चालवली होती, यमक त्यांच्या जिभेवर बसलेलंच असायचं. कुणाच्या लग्नात नाव घ्यायला सांगितलं की बाकीच्या बायका दोन ओळींत सुटायच्या, नंदाबाईंचा उखाणा संपेपर्यंत पंगतीतला भात निवायचा.

"कशावर केलीय?"

"फोटोंवर. घरातल्या सगळ्या जोडीच्या फोटोंवर. एकेचाळीस आहेत, आणि सगळे तुम्ही काढलेले. आजी म्हणत जाईल तसा एकेक फोटो मी पडद्यावर दाखवणार." तिनं वही उघडली आणि खणखणीत आवाजात वाचायला लागली.

पैला फोटो बारशाचा, मांडीवर भारत,
मी बघते बाळाकडं, हे कॅमेऱ्याला न्याहाळत.

नवी कोरी लुना आणली, मागं बसले तिरपी,
ह्यांची मान ताठ जशी पाटलाची टोपी.

मोसंबीचा पैला तोडा, उभे आम्ही जोडीनं,
कॅमेऱ्याकडं बघितलं ह्यांनी किती गोडीनं.

सुरेखाच्या लग्नामधी रडून डोळे लाल,
हे तवाबी कॅमेऱ्याला विचारतात हाल.

आमेर कॉम्प्युटरमागं तोंड लपवून हसत होता. फकरूही हसला. नंदावहिनीचं हे गाऱ्हाणं गावाला पाठ होतं. एकाही फोटोत नवऱ्यानं तिच्याकडं बघितलेलं नाही, सगळ्यात तो सरळ कॅमेऱ्याकडं बघतोय, आणि असा बघतोय की आता पंचनामा होणार आहे.

"आता शेवटचं ऐका," आकांक्षा म्हणाली.

मांडवामागं निंबाखाली लखकन उजेड पडला,
खाली होती मान माझी, जीव तिथंच अडला.
वर बघाया रीत नव्हती, नवी नवरी मी अशी,
बद्रीनाथरावांची नजर तवा होती कशी?

फकरूच्या तोंडचं पाणी पळालं.

"ह्याच्यापुढं आजीनं दोन शेवट लिहिलेत," आकांक्षा सांगत होती. "त्या फोटोत आजोबा तिच्याकडं बघत असतील तर हा."

माझ्यावरच होती नजर, फोटो बोलला खरं,
बाकीच्या फोटोंचं सगळं माफ केलं बरं.

"आणि कॅमेऱ्याकडं बघत असतील तर हा."

तवाबी कॅमेऱ्यात होती, झाला एकदाचा न्याय,
पुढल्या जन्मी ह्यांना बायको कॅमेराच द्या, माय.

"आजोबा म्हणतात मी तिच्याकडंच बघत होतो. आजी म्हणते पुरावा दाखवा. तर तो मांडवामागचा फोटो तेवढा काढून ठेवा, फकरूबाबा. आजी म्हणाली, फकरूभाऊंकडं पेटीत आहे." असं म्हणून ती गेली सुद्धा. फकरू आपला काउंटरला धरून उभा.

पेटीत तो फोटो नव्हता. कुठंच नव्हता. तो फोटो काढलाच नव्हता.

झालं होतं असं की पन्नास वर्षांपूर्वी फकरूनं नुकतंच दुकान टाकलं होतं, आणि बद्रीनाथचं लग्न ठरलं टेंभुर्णीला, नवरीच्या गावी. वऱ्हाड ट्रकमधून गेलं. फकरू फोटोवाला म्हणून मानानं ड्रायव्हरशेजारी बसला, गळ्यात दोन डोळ्यांचा डब्बा कॅमेरा, त्यात एक रोल, बारा फोटोंचा. त्या काळी एका लग्नाला एक अख्खा रोल म्हणजे चैन होती. पण बद्रीनाथच्या थोरल्या मामांनी एकट्यानं चार फोटो खाल्ले. एक फेटा बांधून, एक फेटा काढून, एक बंदूक घेऊन, आणि एक ती बंदूक ज्याची होती त्याच्यासोबत. व्याह्यांची गळाभेट दोनदा काढावी लागली, कारण पहिल्यांदा एक व्याही शिंकले. असं करत करत बाराव्या फोटोत गुरुजी बसले आणि रोल संपला. नवरा-नवरीचे दोन निघाले होते, तेही गर्दीत, दोघांच्या मधे कुणाची तरी आत्या.

दिवस बुडायला आला तसा बद्रीनाथनं फकरूचं मनगट धरलं आणि त्याला मांडवाच्या मागं नेलं. तिथं निंबाखाली नवी नवरी करवलीसोबत उभी होती. "आमचा दोघांचाच एक काढ," बद्रीनाथ म्हणाला. दोस्ताचं लग्न, दोस्ताची आयुष्यातली पहिली मागणी, आणि ह्याच्याकडं रोल नाही. कोणत्या तोंडानं सांगणार की तुझा फोटो मामाच्या बंदुकीनं नेला?

आता फ्लॅशला मागच्या बाजूला एक बटण असतं. कॅमेरा न चालवता नुसता उजेड पाडायचं. त्या काळच्या एकूण एक फोटोवाल्याला ते ठाऊक होतं आणि एकाही गिऱ्हाइकाला ठाऊक नव्हतं. रोल संपला आणि कुणी मावळण रुसून बसली की तिच्यासमोर असा कोरा फ्लॅश उडवायचा. लख्ख उजेड पडला की माणूस खूश. फोटो आला नाही तर पुढं बघता येतं. हा धंद्यातला सर्वमान्य अधर्म होता.

"जरा जवळ या," फकरू म्हणाला, आणि त्यानं ते बटण दाबलं.

"आणखी एक," बद्रीनाथ म्हणाला. मग आणखी एक. मग "हात खांद्यावर ठेवून एक". फकरूला शरमेनं मान वर करवेना. स्वतःच्या चपलेच्या अंगठ्याकडं बघत त्यानं सात वेळा बटण दाबलं. सात वेळा निंबाखाली दिवस उगवला आणि मावळला.

अल्बम हातात आल्यावर नंदाबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "भाऊ, मांडवामागचा कुठंय?" फकरू बोलून गेला, "धुवायला जालन्याला गेलाय, वहिनी." झालं. त्या दिवसापासून तो फोटो प्रवासालाच निघाला. पुढच्या वर्षी फोटो धुणारा हजला गेलेला होता. त्याच्या पुढच्या वर्षी निगेटिव्हला पाणी लागलं होतं पण दुरुस्त होणार होती. मग ती लोखंडी पेटीत गेली, आणि पेटीची किल्ली थोरल्या मुलाच्या, अकिबच्या, निकाहाच्या गडबडीत हरवली. वर्षातून एकदा, बाजारच्या दिवशी, दोघं नवरा-बायको दुकानात यायची, वहिनी विचारायच्या, फकरू काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचा, आणि मग मन खायला लागलं की म्हणायचा, "तवर असं करा वहिनी, आज एक नवा काढून घ्या. माझ्याकडून." दोघं पडद्यावरच्या रंगवलेल्या धबधब्यासमोर उभी राहायची, घरी काही कार्य असलं तर तिथंच. फकरू म्हणायचा, "जरा जवळ या."

गुरुवारी आकांक्षा गेल्यावर हे पहिल्यांदा त्याच्या ध्यानात आलं. एकेचाळीसच्या एकेचाळीस फोटो. लुना घेतली तेव्हा, मोसंबी तोडली तेव्हा, पोरीच्या लग्नात. एकही त्यांनी सांगून काढलेला नव्हता. सगळे ह्यानंच ओशाळून काढून दिलेले. एक फोटो बुडवला त्याच्या दंडापायी ह्यानं त्या दोघांचा अख्खा संसार फुकट काढून ठेवला होता. ह्या शोधानं त्याला जरा बरं वाटलं आणि लगेच दुप्पट वाईट वाटलं.

घरी बदरुन्निसाला, म्हणजे बायकोला, त्यानं सांगितलं. तिला हे सगळं लग्नापासून माहीत होतं. ती मेथी निवडता निवडता म्हणाली, "पचास साल एक झूठ पाले तुम. अपने बच्चे बी इत्ते लाड से नै पाले."

"अब क्या करू, वो बोल."

"सच बोलो. और क्या करते."

बायकोचा सल्ला इतका सोपा होता की तो ऐकणं शक्यच नव्हतं. आमेरनं मात्र दुसऱ्या दिवशी दुकानात कॉम्प्युटरपुढं खुर्ची ओढली आणि म्हणाला, "अब्बा, पाच मिनट दो. कॉम्प्युटर पे बना देतू." त्यानं जुन्या अल्बममधून दोघांचे चेहरे उचलले, मागं मांडव घातला, निंब घातला. पहिल्या खेपेला बद्रीनाथच्या हाताला सहा बोटं आली. दुसऱ्या खेपेला निंबाला नारळ लागले. पण तिसऱ्या खेपेला जे निघालं ते बघायला फकरूनं स्क्रीनला नाक लावलं. तोच संध्याकाळचा उजेड, तीच हिरव्या शालूतली पोर, मान खाली, आणि शेजारी एकवीस वर्षांचा बद्री, बाशिंगाच्या मुंडावळ्या बाजूला सारलेल्या.

"नजर किधर रखू, अब्बा?" आमेरनं विचारलं.

"क्या मतलब?"

"चाचा की नजर. कॅमेरे में रखू या चाची पे?" त्यानं माऊस हलवला. बद्रीनाथनं समोर बघितलं. पुन्हा हलवला. बद्रीनाथनं नंदाबाईंकडं बघितलं. समोर, नंदाबाई, समोर, नंदाबाई. आमेरला गंमत वाटायला लागली. "बोलो ना. आप तो सामनेच खडे थे."

"मै चप्पल देख रहा था," फकरू म्हणाला.

त्यानं ते सगळं पुसायला लावलं. खोटा निंब चालला असता, खोटा मांडवही चालला असता. पण पन्नास वर्षं एका बाईनं जो एकच प्रश्न जिवाशी धरून ठेवला, त्याचं उत्तर आमेरनं माऊस डावीकडं फिरवला म्हणून 'हो' आणि उजवीकडं फिरवला म्हणून 'नाही', हे त्याला सहन होईना. वहिनी त्या फोटोवर विश्वास ठेवतील, हीच तर भीती होती.

शनिवारी हिय्या करून तो बद्रीनाथकडं गेला. बद्रीनाथ ओसरीत नवं जाकीट घालून उभा होता आणि ते पोटावर बसतंय का बघत होता.

"बद्री, त्या फोटोचं बोलायचं होतं."

"मरू दे तो फोटो," बद्रीनाथ घाईघाईनं म्हणाला. त्याचे कान लाल झाले. "आसंल न्हाई तर नसंल. तू जेवाया ये म्हंजे झालं."

केवढं हे दोस्ताचं मन, असं वाटून फकरू आणखीच खचला. आत नंदाबाई काहीतरी पुटपुटत होत्या. बद्रीनाथनं आवाज खाली आणला. "दोन्ही शेवट पाठ करून राह्यली. गोठ्यात एक म्हणती, चुलीपाशी दुसरा."

"कोणता जोरात म्हणती?"

"कॅमेऱ्याचा," बद्रीनाथ म्हणाला, आणि त्यानं जाकिटाचं बटण लावायचा नाद सोडला.

आतून नंदाबाई चहा घेऊन आल्या. "भाऊ, पेटीची किल्ली घावली का?" त्यांचा चेहरा असा फुलला होता की फकरूनं "उद्या बघू, वहिनी" एवढंच म्हणून जीभ भाजेपर्यंत गरम चहा घेतला. माणूस सत्तरीचा झाला म्हणून शूर होतो असं थोडंच आहे.

रविवारी बद्रीनाथच्या दारात मांडव पडला. भारत आणि सुरेखा, दोन्ही लेकरं आपापल्या लेकराबाळांसह राबत होती. पडदा लावला, माईक लावला, दोनशे माणूस सतरंज्यांवर बसलं. फकरू बदरुन्निसाच्या शेजारी पहिल्या रांगेत, रिकाम्या हातानं. नंदाबाई हिरवी पैठणी नेसून माईकपुढं आल्या आणि त्यांनी एकदा जी सुरुवात केली ती मांडव डोक्यावर घेतला. लुनाचा फोटो आला तशी पोरं शिट्ट्या मारायला लागली. मोसंबीच्या फोटोला तर बद्रीनाथची थोरली भावजय हसता हसता उचकी लागून पाणी प्यायला उठली. एकेचाळीस फोटो आणि एकेचाळीस फोटोंत बद्रीनाथ कॅमेऱ्याकडं बघतोय, आधी काळ्या मिशीचा, मग करड्या, मग पांढऱ्या. बद्रीनाथ खुर्चीत नव्या जाकिटात अंग चोरून बसला होता.

मग नंदाबाईंनी मांडवामागचं कडवं म्हटलं. "बद्रीनाथरावांची नजर तवा होती कशी?" म्हणून त्या थांबल्या. पडदा कोरा. त्या पहिल्या रांगेकडं बघून म्हणाल्या, "फकरूभाऊ, दाखवा."

फकरू उठला. माईकपर्यंतची दहा पावलं त्याला टेंभुर्णीइतकी लांब वाटली.

"वहिनी, फोटो न्हाई," तो म्हणाला. "पेटीत न्हाई, जालन्याला न्हाई. काढलाच न्हवता मी. रोल संपला होता. मी नुसता उजेड पाडला. सात बार. पन्नास साल तुमच्याशी झूट बोललो. दोस्ताच्या बायकोशी, दोस्ताच्या तोंडावर. काय सजा द्यायची ती द्या."

मागं कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प बसलं.

"काढलाच न्हवता?" नंदाबाईंनी विचारलं.

"न्हाई."

"पर तुम्ही समोर व्हते ना? ह्यांची नजर कुठं व्हती तेवढं सांगा."

इथं खरं तर एक शब्द पुरला असता. 'तुमच्यावर' म्हटलं असतं तर मांडव टाळ्यांनी दणाणला असता, दोस्त वाचला असता, वहिनी सुखावल्या असत्या. फकरूच्या जिभेवर तो शब्द आलाही. पण एका खोट्याची पन्नासावी साजरी करताना दुसऱ्याचं बारसं करायला त्याचं मन धजेना. "मी शरमेनं चपलेकडं बघून राह्यलो होतो," तो म्हणाला. "मला ठाव न्हाई, वहिनी."

नंदाबाईंनी मान हलवली. हातातला कागद त्यांनी एकदा घडी घातला, मग दुसऱ्यांदा. रागावल्या नव्हत्या, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मघापासून दोनशे माणसांना खेळवणारी बाई एकदम थकल्यासारखी दिसली. "मंग राहू द्या शेवट," त्या म्हणाल्या. "झाली कविता."

"मला ठाव होतं," बद्रीनाथ म्हणाला.

तो बोलला आपल्याशीच, पण पोरांनी आजोबांना भाषण करायला लावू म्हणून त्याच्या जाकिटाला एक छोटा माईक लावून ठेवला होता. ते तीन शब्द मांडवाच्या चारी कर्ण्यांतून बाहेर पडले आणि गावात गेले.

"काय ठाव होतं?" नंदाबाईंनी विचारलं.

बद्रीनाथ उभा राहिला. आता लपायला जागा नव्हती. "रोल न्हाई ते. रोल मीच आणल्ता जालन्याहून, बाराचा. मामानं चार खाल्ले तवाच मी मोजाया लागलो. गुरुजींचा बारावा. मंग फकरूला घेऊन मांडवामागं गेल्तो."

फकरूचा आ वासला. बदरुन्निसानं कपाळाला हात लावला.

"रोल न्हाई ठाव असून सात बार उभं केलं मला?" नंदाबाई म्हणाल्या. "त्या जड शालूत?"

बद्रीनाथ सतरंजीकडं बघत बोलायला लागला. आयुष्यात तो एका दमात एवढं कधी बोलला नव्हता. "घरात आई, आबा, चार भाऊ, चार भावजया. अंगणात तुझ्या शेजारी दोन मिंटं उभं राहाया जागा न्हवती. जवळ या म्हणणारा अख्ख्या मुलखात हा एकलाच होता. त्याचं ऐकलं तर कुणी काय बोलत न्हाई, फोटोवाल्याचं ऐकावंच लागतं. म्हणून म्हटलं, आणखी एक. आणखी एक. आणि पुढं दरसाल बाजारच्या दिवशी तुला कोण म्हणायचं, फकरूला त्या फोटोचं इचार? मीच ना? मला ठाव होतं, तू इचारलं की हा लाजणार, आणि लाजला की म्हणणार, जरा जवळ या."

फकरूला हसावं की रडावं कळेना. पन्नास वर्षं तो समजत होता की आपण दोस्ताला फसवतोय, आणि दोस्त त्याच्या फसवणुकीवर दरसाल पीक काढत होता.

"आणि नजर?" नंदाबाई म्हणाल्या. त्या आता माईकपासून दोन पावलं पुढं आल्या होत्या. "ती कुठं व्हती?"

"कॅमेऱ्यात रोलच न्हवता," बद्रीनाथ म्हणाला, "मंग कॅमेऱ्याकडं बघून काय करू?"

"आणि बाकीच्या एकेचाळीसांत?"

"त्यांत रोल होता ना. बायकोकडं बघताना छापून आलं आसतं. आबांनी भिंतीवर लावलं आसतं."

मांडव फुटला. टाळ्या, शिट्ट्या, थोरल्या भावजयीची उचकी पुन्हा सुरू. सुरेखा डोळे पुसत होती आणि हसत होती. नंदाबाईंनी पदर तोंडाला लावला, खांदे गदगदा हलले, आणि पदर बाजूला केला तेव्हा त्या सतरा वर्षांच्या दिसत होत्या, हे फकरू कुराणावर हात ठेवून सांगायला तयार आहे. त्यांनी कागद उघडला नाही. घसा खाकरला आणि दोन शब्द बदलून शेवट म्हटला.

माझ्यावरच होती नजर, हे बोलले खरं,
बाकीच्या फोटोंचं सगळं माफ केलं बरं.

पंगती बसल्या. फकरूच्या पानात जिलबी वाढायला नंदाबाई स्वतः आल्या. त्यानं दोन्ही हात जोडले. "वहिनी, माफी द्या. सात बार खोटा उजेड पाडला तुमच्यावर."

"आठ," नंदाबाई म्हणाल्या.

"सात, वहिनी. मी मोजलेत. पन्नास साल मोजूनच राह्यलो."

"ह्यांनी मागितले ते सात." त्यांनी इकडं तिकडं बघितलं. बद्रीनाथ लांबच्या पंगतीत आग्रहानं कुणाला तरी भजी वाढत होता. त्यांनी आवाज खाली आणला. "तुम्ही फ्लॅश पिशवीत घालाया लागले, तवा मी तुम्हाला काय म्हणले?"

फकरूनं डोळे बारीक केले. निंब, दिवेलागण, आणि खाली घातलेल्या मानेतून, पदराच्या आतून आलेला बारीकसा आवाज. पन्नास वर्षांत त्याला एकदाही आठवला नव्हता. "तुम्ही म्हणले, भाऊ, माझे डोळे मिटले, आणखी एक काढा."

"मिटले न्हवते," नंदाबाई म्हणाल्या, आणि त्याच्या पानात आणखी एक जिलबी टाकून पुढच्या पानाकडं वळल्या.